चार्ल्स कॅरल : धर्मस्वातंत्र्याचा एक कॅथोलिक कैवारी

ज्युबिलीच्या मंगलप्रसंगी, ज्यांनी आपल्या मंदिराचा पाया घातला त्या धर्मगुरूंचे व प्रापंचिकांचे कृतज्ञतेने स्मरण करणे हे प्रत्येक धर्मग्रामाचे कर्तव्यच होय. परंतु ह्या दगडविटांच्या पायाखाली आणखी एक पाया असतो व तो सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. उघड्या दारांनी मिस्सा अर्पण करावी, घंटा वाजवावी, सणाची मिरवणूक रस्त्याने काढावी, आपली मते छापून प्रसिद्ध करावी, सरकारचे चुकले असेल तेथे तसे बोलून दाखवावे, आणि एवढे करूनही आपले घरदार, धंदा व मताधिकार सुरक्षित राहावा, ही व्यवस्था आपोआप होत नसते. ती देशाच्या कायद्याने करावी लागते. जेथे ती नव्हती तेथे आपल्या धर्मबंधूंची काय अवस्था झाली, व ती पुढे कशी अमलात आली, हे वाचकांस कळावे म्हणून अमेरिकेतील मेरीलँड प्रांताचे थोर कॅथोलिक गृहस्थ चार्ल्स कॅरल यांचे अल्पचरित्र आम्ही येथे देत आहोत.

मेरीलँडची वसाहत हीच मुळी एका कॅथोलिक घराण्याने स्थापन केली होती. लॉर्ड बाल्टिमोर ही पदवी धारण करणाऱ्या सेसिल कॅल्व्हर्ट यांस इंग्लंडच्या राजाकडून सनद मिळाली, व ‘आर्क’ आणि ‘डव्ह’ ह्या दोन जहाजांतून पहिले वसाहतवाले 1634 च्या मार्च महिन्यात तेथे पोहोचले. त्यांच्याबरोबर येशूसंघीय धर्मगुरू फादर अँड्र्यू व्हाइट हे होते. त्यांनी 25 मार्च रोजी सेंट क्लेमेंट बेटावर मिस्सा अर्पण केली. वसाहतीत कॅथोलिकांपेक्षा प्रॉटेस्टंटांची संख्या अधिक होती. उभय पक्षांनी गुण्यागोविंदाने नांदावे म्हणून 1649 साली तेथील विधिमंडळाने धर्मसहिष्णुतेचा कायदा केला. येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या कोणासही त्याच्या धर्मामुळे त्रास होऊ नये, असे त्या कायद्याने ठरविले. त्या काळाच्या मानाने हे पाऊल फार पुढचे होते, हे कबूल केलेच पाहिजे. तथापि त्याच कायद्यात पवित्र त्रैक्य नाकारणाऱ्यास देहान्त शासन सांगितले होते. म्हणजे हे स्वातंत्र्य केवळ ख्रिस्ती लोकांपुरते होते, व ते सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर उभे होते.

मर्जी फिरली तेव्हा ते स्वातंत्र्यही गेले. प्युरिटन पक्षाच्या हाती सत्ता येताच 1654 साली तो कायदा रद्द झाला. काही वर्षांनी तो पुन्हा अमलात आला खरा, परंतु 1689 साली प्रॉटेस्टंट पक्षाने बंड करून बाल्टिमोर घराण्याची सत्ता उलथून टाकली, व त्यानंतर कॅथोलिकांच्या हालअपेष्टांस सीमा उरली नाही. 1704 साली गव्हर्नर सीमूर यांच्या हुकमाने सेंट मेरीज सिटी येथील कॅथोलिकांच्या विटांच्या चॅपलास शेरीफने कुलूप ठोकले. त्याच वर्षी धर्मगुरूंस उघडपणे मिस्सा करण्याची मनाई करणारा कायदा झाला. पुढे खाजगी घरात ती करण्याची तेवढी सवलत मिळाली. कॅथोलिकांनी शाळा चालविणे हा अपराध ठरला. 1718 मध्ये त्यांचा मताधिकार गेला, आणि 1756 मध्ये त्यांच्या जमिनींवर इतरांच्या दुप्पट कर बसला. ज्या प्रांताची स्थापना कॅथोलिकांनी केली, त्याच प्रांतात ते अशा रीतीने परके होऊन बसले.

आमच्या चरित्रनायकाचे आजोबा, ज्यांचेही नाव चार्ल्स कॅरल असेच होते, ते 1688 साली आयर्लंड-इंग्लंड सोडून मेरीलँडात आले. लॉर्ड बाल्टिमोर यांनी त्यांस प्रांताचे अ‍ॅटर्नी जनरल नेमले होते. परंतु पुढच्याच वर्षी वर सांगितलेले बंड झाले व ते अधिकारपद त्यांस गमवावे लागले. तेव्हा त्यांनी व्यापार, सावकारी व शेतीवाडी यांकडे लक्ष दिले, व हे घराणे अल्पावधीत अत्यंत श्रीमंत झाले. पैसा होता, पण अधिकार नव्हता; जमिनी होत्या, पण त्यांवर कर बसविणाऱ्या सभेत एक मतही नव्हते. त्यांचे पुत्र, म्हणजे चरित्रनायकाचे वडील, यांस ही अवस्था इतकी असह्य झाली की मेरीलँड सोडून लुइझियानाच्या फ्रेंच मुलखात वस्ती करावी, अशा विचाराने ते 1757 साली फ्रान्सला गेले व तेथील सरकारकडे त्यांनी जमीन मागितली. ती मागणी सफल झाली नाही. ती झाली असती, तर पुढील इतिहास कोणत्या वळणाने गेला असता, हे देवच जाणे.

चार्ल्स कॅरल यांचा जन्म अनापोलिस गावी 19 सप्टेंबर 1737 रोजी झाला. कॅथोलिक शाळा कायद्याने बंद असल्यामुळे बोहेमिया मॅनर येथे येशूसंघीयांनी गुप्तपणे चालविलेल्या शाळेत त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले. पुढे 1748 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांस समुद्रापार सेंट ओमेर येथील येशूसंघीय विद्यालयात पाठविण्यात आले. इंग्लंडात कॅथोलिक शिक्षणास बंदी असल्यामुळे इंग्रज कॅथोलिकांच्या मुलांसाठी हे विद्यालय दीडशे वर्षांपूर्वी काढलेले होते. त्यांचे आप्त जॉन कॅरल हेही तेथे त्यांचे सहाध्यायी होते. त्यानंतर रीम्स, पॅरिस व बूर्ज येथे विद्याभ्यास करून चार्ल्स यांनी लंडनमध्ये इंग्रजी कायद्याचे अध्ययन केले. ह्या कायद्याच्या ज्ञानाचा धंदा करण्याची मात्र सोय नव्हती, कारण कॅथोलिकांस वकिलीचे दार बंद होते. ते परदेशी असतानाच 1761 साली त्यांच्या मातोश्री वारल्या. पुत्राची व मातेची शेवटची भेट झाली नाही. 1765 साली, सत्तावीस वर्षांचे झाल्यावर, ते मायदेशी परतले. आपल्या मुलास आपल्या धर्माप्रमाणे शिकवावे एवढ्यासाठी ह्या मातापित्यांनी सुमारे सतरा वर्षांचा वियोग सोसला, हे आजच्या आईबापांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

परत आल्यावर वडिलांनी त्यांस कॅरलटन नावाची विस्तीर्ण जहागीर दिली, व त्या नावाचे अनेक पुरुष प्रांतात असल्याकारणाने ते आपली सही ‘कॅरलटनचे चार्ल्स कॅरल’ अशी करू लागले. 1768 साली मेरी डार्नल नामक आप्त कुमारिकेशी त्यांचा विवाह झाला. त्यांस सात अपत्ये झाली, त्यांपैकी तीनच मोठी झाली. आणि 1782 साली पत्नीही निवर्तल्या. सार्वजनिक कार्यात त्यांस यश आले, परंतु घरात त्यांस वारंवार दुःखाचेच घाव सोसावे लागले.

आता त्यांच्या आयुष्यातील त्या प्रसंगाकडे वळू, की ज्यायोगे त्यांचे नाव प्रथम लोकांच्या मुखी झाले. सरकारी अधिकारी दस्तऐवजांसाठी जी फी घेत, तिचे दर ठरविणारा कायदा 1770 साली संपला व विधिमंडळाच्या दोन सभागृहांत नव्या दरांविषयी एकमत होईना. तेव्हा गव्हर्नर ईडन यांनी जाहीरनामा काढून जुनेच दर आपल्या अधिकारात कायम केले. फी म्हणजे एक प्रकारचा करच होय, व कर बसविण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींचा आहे, असे म्हणून लोकांनी मोठा गवगवा केला. जानेवारी 1773 मध्ये प्रांताचे नामांकित कायदेपंडित डॅनियल ड्युलेनी यांनी ‘मेरीलँड गॅझेट’ पत्रात दोन नागरिकांचा एक संवाद प्रसिद्ध केला. त्यात ‘पहिला नागरिक’ हा जाहीरनाम्याविरुद्ध कच्ची बाजू मांडतो व ‘दुसरा नागरिक’ त्यास निरुत्तर करतो, असे दाखविले होते. ड्युलेनी हे स्वतः वरिष्ठ अधिकारी असून त्यांचाही त्या फीमध्ये हितसंबंध होता.

फेब्रुवारी महिन्यात त्याच पत्रात ‘पहिला नागरिक’ ही सही घेऊन कोणी एक लेखक पुढे आला व त्याने ड्युलेनींच्या युक्तिवादाचे एकेक कलम खोडून काढले. हा लेखक म्हणजे चार्ल्स कॅरल, हे गुपित फार दिवस टिकले नाही. जुलैपर्यंत उभयतांच्या पत्रांचा सामना चालला. मुद्द्यांनी निभाव लागेना तेव्हा ड्युलेनी यांनी धर्माचे हत्यार उपसले. ज्यास मत देण्याचा अधिकार नाही, ज्याचा धर्म देशाच्या कायद्यास संशयास्पद वाटतो, अशा माणसाने राज्यकारभाराविषयी बोलावेच कशास, असा त्यांचा रोख होता. कॅरल यांनी ह्यास संतापाने उत्तर दिले नाही. प्रश्न माझ्या धर्माचा नसून जाहीरनामा न्याय्य आहे की अन्याय्य, हा आहे, ही आपली भूमिका त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. सत्य हे सांगणाऱ्याच्या पंथावर अवलंबून नसते, हे त्यांनी आपल्या वर्तनाने दाखवून दिले. मे महिन्यात निवडणूक झाली व जाहीरनाम्याविरुद्ध असलेला पक्ष मोठ्या बहुमताने निवडून आला. प्रॉटेस्टंट मतदारांच्या प्रतिनिधींनी ह्या मताधिकारहीन कॅथोलिकाचे जाहीर आभार मानले.

ह्या प्रसंगाचे मर्म वाचकांनी नीट लक्षात घ्यावे. त्या वेळी कॅरल यांस मत नव्हते, अधिकारपद नव्हते, न्यायालयात उभे राहण्याची परवानगी नव्हती. एकच साधन त्यांस उपलब्ध होते : छापखान्याचे. तो छापखाना अ‍ॅन कॅथरिन ग्रीन ही विधवा स्त्री चालवीत होती, व तिने दोन्ही पक्षांस आपल्या पत्रात सारखी जागा दिली. तिने सरकारच्या भयाने हा मजकूर नाकारला असता, तर कॅथोलिकांची कैफियत त्यांच्या घरांच्या भिंतींबाहेर कधीच गेली नसती. भाषणस्वातंत्र्य व धर्मस्वातंत्र्य ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु पहिले स्वातंत्र्य थोडेसे का होईना हाती होते, म्हणूनच दुसरे मागता आले, ही गोष्ट ह्या चरित्रावरून स्पष्ट होते.

त्यानंतर घटना जलद गतीने घडत गेल्या. इंग्लंड व वसाहती यांच्यातील कलह विकोपास गेला. वसाहतवाल्यांच्या समित्या व परिषदा ह्या जुन्या कायद्याच्या चौकटीबाहेर भरत असल्यामुळे कॅथोलिकांवरील बंदी तेथे लागू पडली नाही, व कॅरल त्यांत निवडून आले. 1776 साली काँग्रेसने त्यांस एक नाजूक कामगिरी सांगितली. कॅनडातील फ्रेंच कॅथोलिकांनी स्वातंत्र्ययुद्धात सामील व्हावे म्हणून त्यांची मनधरणी करावयाची होती. बेंजामिन फ्रँकलिन, सॅम्युएल चेस व कॅरल असे तिघे प्रतिनिधी निघाले, व त्यांच्याबरोबर धर्मगुरू जॉन कॅरल हेही गेले. बर्फाळ नद्यासरोवरे ओलांडून ते एप्रिलअखेर माँट्रियलला पोहोचले. परंतु कार्य सिद्धीस गेले नाही. त्याचे एक मोठे कारण असे की, इंग्लंडच्या पार्लमेंटने 1774 साली क्वेबेकच्या कॅथोलिकांस धर्मपालनाची मोकळीक दिली, तेव्हा ह्याच काँग्रेसने इंग्लंडच्या लोकांस पत्र लिहून त्या मोकळिकीचा व कॅथोलिक धर्माचा कडक शब्दांत निषेध केला होता. आणि त्यानंतर पाचच दिवसांनी क्वेबेकवासीयांस दुसरे पत्र लिहून धर्मभेद विसरून आमच्यात या, असे आमंत्रण दिले होते. एका तोंडाने निंदा व दुसऱ्या तोंडाने आर्जव! क्वेबेकच्या बिशपांनी व लोकांनी ह्या आमंत्रणावर विश्वास ठेवला नाही, ह्यात नवल ते काय? इतरांच्या धर्माविषयी अनुदारपणे बोलणाऱ्यास त्याची किंमत केव्हा तरी द्यावीच लागते, हा धडा काँग्रेसला तेथे मिळाला.

कॅरल परत आले व मेरीलँडने स्वातंत्र्याच्या बाजूने कौल द्यावा म्हणून त्यांनी खटपट केली. 4 जुलै रोजी त्यांची काँग्रेसवर निवड झाली, आणि 2 ऑगस्ट 1776 रोजी त्यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. सही करणाऱ्या छप्पन्न पुरुषांत ते एकटेच कॅथोलिक होते. वसाहतींतील अत्यंत धनाढ्य लोकांत त्यांची गणना होत असे. बंड फसते तर सर्वस्व जप्त होऊन फासावर चढण्याची पाळी होती. ते सर्व जाणून त्यांनी लेखणी उचलली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मेरीलँडची नवी राज्यघटना व हक्कांची सनद मंजूर झाली. ती तयार करणाऱ्या समितीत कॅरल होते. ख्रिस्ती धर्म मानणाऱ्या सर्वांस धर्मस्वातंत्र्याचे समान संरक्षण मिळावे, तसेच मुद्रणस्वातंत्र्य अबाधित राहावे, अशी कलमे तीत घालण्यात आली. सुमारे सत्तर वर्षे दडपून ठेवलेला कॅथोलिक समाज पुन्हा पूर्ण नागरिक झाला.

तरीपण मेरीलँडच्या सनदेत 1649 च्या कायद्याचेच एक न्यून शिल्लक होते. तिचे संरक्षण ख्रिस्ती लोकांपुरतेच होते. यहुदी नागरिकांस तेथील अधिकारपदे खुली होण्यास 1826 साल उजाडावे लागले. कॅरल यांनी उतारवयात लिहिलेल्या एका पत्रात, जाहीरनाम्यावर सही करताना सर्व ख्रिस्ती पंथांस समान हक्क मिळावेत हा हेतू आपल्या मनात होता, असे नमूद केले आहे. तेथेही त्यांची दृष्टी ख्रिस्ती पंथांच्या पलीकडे गेलेली दिसत नाही.

ह्या मर्यादेपलीकडे जाणारे काम संयुक्त संस्थानांच्या घटनेने केले, आणि त्यातही कॅरल यांचा हात लागला. 1787 च्या घटनेने कोणत्याही संघीय अधिकारपदासाठी धर्माची अट घालण्यास मनाई केली; त्या घटनेवर सही करणाऱ्यांत त्यांचे आप्त डॅनियल कॅरल हे कॅथोलिक होते. परंतु तीत नागरिकांच्या हक्कांची यादी नव्हती. 1789 साली पहिली काँग्रेस न्यूयॉर्क येथे भरली, तेव्हा चार्ल्स कॅरल मेरीलँडतर्फे सिनेटचे सभासद होते. जेम्स मॅडिसन यांनी प्रतिनिधिसभेत हक्कविषयक दुरुस्त्या मांडल्या. डॅनियल कॅरल यांनी त्यांस पाठिंबा देताना सांगितले की, मनोदेवता फार नाजूक असून सरकारचा हलका हातही तिला सोसत नाही. सिनेटने धर्मविषयक कलमाचा जो मसुदा केला तो संकुचित होता : काँग्रेसने श्रद्धेची कलमे अथवा उपासनेची पद्धत ठरवू नये, एवढाच त्याचा आशय होता. दोन सभागृहांत मतभेद पडल्यामुळे सहा जणांची संयुक्त समिती नेमली गेली. सिनेटतर्फे तिच्यावर एल्सवर्थ, पॅटर्सन व चार्ल्स कॅरल हे तिघे होते. सप्टेंबर 1789 मध्ये ह्या समितीने जो मसुदा दिला तोच अखेर कायम झाला. काँग्रेसने कोणत्याही धर्माची राजधर्म म्हणून स्थापना करण्यासंबंधी कायदा करू नये. धर्माचे मुक्त आचरण रोखू नये. भाषण व मुद्रण यांच्या स्वातंत्र्याचा संकोच करू नये. आणि शांततेने एकत्र जमण्याचा व सरकारकडे दाद मागण्याचा लोकांचा हक्क हिरावू नये, असा त्याचा भावार्थ आहे. आवश्यक तेवढ्या राज्यांची संमती मिळून 15 डिसेंबर 1791 रोजी तो घटनेची पहिली दुरुस्ती म्हणून अमलात आला. त्यात ख्रिस्ती हा शब्द नाही. धर्म व वाणी ही दोन्ही एकाच वाक्यात एकत्र रक्षिली आहेत, आणि हे संरक्षण कोणाच्या कृपेचे दान म्हणून नव्हे, तर शासनाच्या हाताला घातलेली मर्यादा म्हणून दिले आहे. ह्याच सुमारास जॉन कॅरल हे बाल्टिमोरचे, व पर्यायाने त्या सर्व देशाचे, पहिले बिशप झाले.

कागदावर लिहिलेला हक्क लगेच लोकांच्या मनात उतरतो, असे मात्र कोणी समजू नये. सातच वर्षांनी, 1798 मध्ये, काँग्रेसने सरकारवर कडक टीका करणे हा गुन्हा ठरविणारा राजद्रोहाचा कायदा केला व अनेक संपादकांस तुरुंगात जावे लागले. हा कायदा कॅरल ज्या फेडरॅलिस्ट पक्षाचे होते त्याच पक्षाने केला, हे येथे सांगितलेच पाहिजे. तो 1801 साली मुदत संपून लयास गेला. शिवाय पहिली दुरुस्ती सुरुवातीस केवळ मध्यवर्ती काँग्रेसवरच बंधनकारक होती. नॉर्थ कॅरोलायनाच्या घटनेतील कॅथोलिकांविरुद्धची अट 1835 पर्यंत टिकली. राज्य सरकारांवरही ही बंधने लागू आहेत, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने विसाव्या शतकात ठरविले : भाषणाविषयी 1925 मध्ये व धर्माचरणाविषयी 1940 मध्ये. कॅरल यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, 1834 साली, मॅसॅच्युसेट्समधील चार्ल्सटाउन येथे अर्सुलाइन धर्मभगिनींचा मठ जमावाने जाळून टाकला. पहिली दुरुस्ती तेव्हा अमलात येऊन त्रेचाळीस वर्षे होत आली होती.

चरित्रलेखकाने आपल्या नायकाचे न्यून झाकू नये, ह्या नियमास अनुसरून आणखी एक गोष्ट आम्ही येथे नोंदवितो. कॅरल यांच्या जहागिरींवर शेकडो निग्रो गुलाम राबत असत. गुलामगिरी हे मोठे पातक आहे, हे त्यांस कळत होते. ती क्रमाक्रमाने बंद करावी म्हणून 1797 साली त्यांनी मेरीलँडच्या सिनेटात बिल आणले. ते नामंजूर झाले. तथापि आपल्या पदरच्या गुलामांस त्यांनी सरसकट मुक्त केले नाही. मताधिकार नसण्याचे दुःख ज्याने स्वतः भोगले, त्याच्याच अंगणात ज्यांस नाव, कुटुंब व वाणी यांपैकी कशाचीच शाश्वती नव्हती असे लोक राहत होते. मेरीलँडात गुलामगिरी बंद झाली ती 1864 साली, त्यांच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी. थोर पुरुषाची दृष्टीही आपल्या सोयीच्या कुंपणापाशी कशी अडते, ह्याचे हे उदाहरण आम्हांस दुःखाने द्यावे लागत आहे.

4 जुलै 1826 रोजी अ‍ॅडम्स व जेफर्सन हे दोघेही एकाच दिवशी निवर्तले, व जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत एकटे कॅरल मागे राहिले. लोक त्यांच्या दर्शनास दुरून येत. 4 जुलै 1828 रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, बाल्टिमोर व ओहायो रेल्वेचा पहिला दगड त्यांच्या हस्ते बसविण्यात आला. धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी सेंट चार्ल्स कॉलेज निघावे म्हणून त्यांनी जमीन दिली. अखेरीस 14 नोव्हेंबर 1832 रोजी बाल्टिमोर येथे, ख्रिस्तसभेचे अंतिम संस्कार घेऊन, पंच्याण्णव वर्षांच्या वयात त्यांनी देह ठेवला. डोहोरेगन येथील आपल्या वाड्याच्या चॅपलात त्यांस मूठमाती देण्यात आली. ज्या प्रांतात एके काळी कॅथोलिकांच्या चॅपलास कुलूप लागले होते, तेथेच हा अंत्यविधी राष्ट्राच्या शोकात पार पडला.

ह्या चरित्रापासून आपण काय बोध घ्यावा? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी प्रसिद्ध केलेल्या घोषणापत्रात ख्रिस्तसभेने असे शिकविले आहे की, धर्मस्वातंत्र्याचा हक्क मनुष्याच्या मूळच्या प्रतिष्ठेत आहे. तो केवळ आपल्या मताच्या लोकांचा नव्हे, तर मनुष्यमात्राचा आहे. ते घोषणापत्र घडविण्यात जॉन कोर्टनी मरी ह्या अमेरिकन येशूसंघीय धर्मगुरूंचा मोठा वाटा होता. आपल्या देशाच्या घटनेच्या 19 व्या व 25 व्या कलमांनीही, योग्य त्या मर्यादांसह, वाणीचे आणि धर्माचे स्वातंत्र्य रक्षिले आहे. ही घटना करणाऱ्या सभेत फादर जेरोम डिसोझा हे येशूसंघीय सभासद होते. ख्रिस्ती समाजासाठी विधिमंडळांत राखीव जागा मागण्याऐवजी सर्वांच्या बरोबरीचे मूलभूत हक्क हेच आपले खरे संरक्षण, ही भूमिका आपल्या समाजाच्या पुढाऱ्यांनी तेथे पत्करली. राखीव जागा ही दिल्याघेतल्याची वस्तू होती. समान हक्क हा सर्वांचा सामाईक ठेवा आहे, व तो सर्वांनी मिळूनच राखावा लागतो.

आमच्या मते ह्या चरित्राचा बोध हाच होय. 1649 च्या कायद्याने मोकळीक दिली, पण ती काहींनाच. आणि चाळीस वर्षांत तिच्या कर्त्यांच्याच मुलाबाळांस तिला मुकावे लागले. म्हणून शेजाऱ्याचे देऊळ, मशीद अथवा प्रार्थनास्थळ संकटात असता, किंवा आपणांस न पटणारे मत मांडणाऱ्याचे तोंड बंद केले जात असता, ती परक्याची बाब समजून आपण स्वस्थ बसू नये. आपल्या पूर्वजांनी बांधलेल्या ह्या मंदिराची दारे उघडी ठेवणारा कायदा शेजाऱ्याचीही दारे उघडी ठेवतो, व तो दोघांनी मिळून जपावयाचा आहे. हे कर्तव्य ओळखण्याची सुबुद्धी व ते बजावण्याचे धैर्य परमेश्वर आपणां सर्वांस देवो, हीच ह्या ज्युबिलीच्या प्रसंगी आमची प्रार्थना आहे.